इटियाडोहच्या कालव्याकाठी : सिकलसेलच्या उपचारांची कथा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. १९७० च्या सुमारास ते पुरे झाले तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. धरणाचे पाणी अर्जुनी मोरगावची धानशेती भिजवून भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज व आरमोरी या तालुक्यांत उतरते. हा सारा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. जंगल, जुने मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या आणि त्यांच्या सोबतीने आलेले डास व हिवताप हे येथील जीवनाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सोबती होत.

या तीन जिल्ह्यांना आणखी एका गोष्टीने एकत्र बांधले आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण ती रक्तात आहे. सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा महाराष्ट्रातील नकाशा काढला, तर पूर्व विदर्भाचा हा पट्टा त्यात ठळकपणे उठून दिसतो. सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात, प्राणवायू सोडून देताच पेशीतील हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या बनतात, आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्तक्षय. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून हाडांत, छातीत, पोटात उठणाऱ्या असह्य वेदना. थंडी, ताप, अतिश्रम किंवा शरीरातील पाणी कमी होणे एवढे निमित्त या वेदनांना पुरते. भर पावसात दिवसभर रोवणीला वाकलेल्या बाईला किंवा शाळेतून उन्हातून धावत आलेल्या मुलाला ते सहज मिळते. या वेदनेला कुणी वात म्हटले, कुणी बाहेरची बाधा म्हटले. आणि पुष्कळ लेकरे तर आजाराचे नाव कळण्यापूर्वीच गेली.

या आजाराच्या उपचारांचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आधुनिक औषधशास्त्राची तीन मोठी दालने, म्हणजे लसी, कर्करोगावरील रसायने आणि प्रतिकारशक्तीत फेरफार करणारे उपचार, एकाच आजारी बालकाच्या अंथरुणाशी येऊन मिळतात. आणि प्रत्येक वेळी असे दिसते की औषध सापडणे व ते गरजवंतापर्यंत पोहोचणे यांत पिढ्यांचे अंतर पडले आहे. त्या अंतराचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ओळख पटण्यास लागलेली वर्षे

वैद्यकीय वाङ्मयात या आजाराचा पहिला नीट नोंदलेला रुग्ण म्हणजे वॉल्टर क्लेमेंट नोएल. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून हा तरुण दंतवैद्यकी शिकण्यासाठी १९०४ साली शिकागोला आला आणि आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयरन्स या नवशिक्या डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायभूमीला परतला, त्याने दंतवैद्य म्हणून व्यवसाय केला, आणि १९१६ साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. न्यूमोनिया हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा; तो या कथेत पुन्हा येणार आहे.

पुढची चाळीस वर्षे हा केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार मानला गेला. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत शोधल्याची ती पहिलीच वेळ. काही वर्षांतच व्हर्नन इंग्राम यांनी केंब्रिज येथे तो दोष आणखी नेमका दाखवला: हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी एका आम्लाऐवजी दुसरे आम्ल आलेले असते. शेकडो दुव्यांच्या रचनेतील एवढाच एक बदल, आणि त्याने आयुष्याचा सारा रोख पालटतो.

भारतात हा आजार प्रथम १९५२ साली नोंदला गेला. लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो शोधला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९५८ साली, नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. म्हणजे इटियाडोहची भिंत उभी राहण्यापूर्वीच नागपूरच्या प्रयोगशाळेला हे ठाऊक होते की या पाण्याच्या वाटेवर राहणाऱ्यांच्या रक्तात काय आहे. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून महाराष्ट्रातील आदिवासींच्या रक्ताची पाहणी केली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांनी दाखवले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आदिवासींबरोबरच विदर्भातील दलित समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

येथेच एक अन्याय घडला. विशिष्ट जातीजमातींत आढळणारा म्हणून तो त्यांचाच ठपका ठरू लागला. वास्तविक १९५४ सालीच अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले होते की ज्यांना हा दोष केवळ एका पालकाकडून मिळतो, त्यांचे हिवतापाच्या घातक रूपापासून संरक्षण होते. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, सिसिली, ग्रीस आणि भारत अशा जुन्या हिवतापाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगलांच्या व तलावांच्या काठी राहून हिवताप सोसला, त्यांच्या रक्ताने घेतलेले हे चिलखत आहे. चिलखत दुहेरी झाले की मात्र ते अंगाला रुतते. यात कुणाच्या कुळाचा कमीपणा नाही.

ब्रनोच्या मठातील गणित

हे दुहेरी होणे कसे घडते, याचे गणित एका कॅथलिक धर्मगुरूने मांडले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील ग्रेगर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, त्यांच्या गुणांची पिढीवार मोजदाद केली, आणि आपले निष्कर्ष १८६५ साली स्थानिक विज्ञानमंडळापुढे वाचून १८६६ साली छापले. त्यांच्या हयातीत त्यांची योग्य दखल कुणी घेतली नाही. १८८४ साली ते निवर्तले आणि १९०० साली जगाला त्यांचा नव्याने शोध लागला.

मेंडेलचे ते गणित झाडीपट्टीतील आरोग्यसेविका आज सोप्या शब्दांत सांगते. दोष एकाच पालकाकडून आला असेल तर ती व्यक्ती वाहक, तिच्या तपासणीच्या कागदावर ‘एएस’ असे लिहिलेले असते. ती आजारी नसते. दोष दोघांकडूनही आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. यातील ‘प्रत्येक गर्भारपणात’ हे शब्द महत्त्वाचे. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगी होणार, असा समज करून घेऊन अनेक दांपत्यांनी पुन्हा दुःख ओढवून घेतले आहे. आणि वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशी झाला तर एकही अपत्य रुग्ण होत नाही.

या गणिताचा आणखी एक अर्थ आहे. आजारी मूल झाले की आपल्याकडे दोष आईच्या पदरात टाकण्याची रीत आहे. मेंडेलचा नियम सांगतो की एकट्या आईच्या वारशाने मूल ‘एसएस’ होऊच शकत नाही. मठाच्या बागेत मोजलेले वाटाणे झाडीपट्टीतील सुनेच्या बाजूने अशी साक्ष देतात.

पहिले दालन : लस

सिकलसेलचे बाळ जन्मतः निरोगी दिसते. याचे कारण न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली सुचवले. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते पेशीला विळा होऊ देत नाही. पहिल्या काही महिन्यांत ते ओसरते, आणि मग आजार डोके वर काढतो.

त्या वेळी पहिला बळी जातो तो प्लीहेचा. प्लीहा ही शरीराची गाळणी; रक्तातील जंतू, विशेषतः न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा न्यूमोकोकस, ती टिपून घेते. विळ्याच्या पेशींनी तिच्या वाहिन्या बुजतात आणि काही वर्षांतच ती निकामी होते. मग सकाळी ताप आलेले मूल रात्रीपर्यंत दगावू शकते. ही बालके सिकलसेलने गेली असे कुणाला वाटतही नसे. घरच्यांच्या लेखी तो नुसता ताप असे.

यावरचा पहिला उपाय साधा होता. अमेरिकेत डॉ. मॅरिलिन गॅस्टन यांच्या पुढाकाराने २१५ बालकांवर अभ्यास झाला. निम्म्या मुलांना दिवसातून दोन वेळा पेनिसिलिनची गोळी देण्यात आली. त्यांच्यातील गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटला, आणि फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवून सर्वच मुलांना औषध देण्यात आले. ही १९८६ सालची गोष्ट. दुसरा उपाय लसीचा. न्यूमोकोकसच्या शर्करावरणापासून केलेली लस १९७७ साली प्रचारात आली. पण दोन वर्षांखालील बाळाचे शरीर शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही, आणि धोका तर त्याच वयात सर्वाधिक. शर्करेला प्रथिनाची जोड दिली तर बाळाची प्रतिकारयंत्रणा तिला ओळखते, या तत्त्वावरची संयुक्त लस २००० साली अमेरिकेत आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर दिली जाऊ लागली. दरम्यान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस २०२० च्या अखेरीस उपलब्ध झाली होती.

आज इटियाडोहच्या परिसरातील बाळाला ही लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात विनामूल्य मिळते. १९७७ ते २०२१ या चव्वेचाळीस वर्षांत झाडीपट्टीतील किती बाळे तापाने गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

दुसरे दालन : कर्करोगावरील रसायन

मेंडेल यांचा निबंध छापून तीन वर्षे झाली असता, १८६९ साली जर्मनीत ड्रेस्लर आणि स्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी हायड्रॉक्सीयुरिया नावाचे एक साधे संयुग तयार केले. त्याचा उपयोग काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दिसले की ते दिल्याने प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. पेशीचे विभाजन होण्यासाठी जी सामग्री लागते, ती तयार करणाऱ्या एका विकराला हे औषध अडवते. साहजिकच ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले आणि १९६७ साली अमेरिकेत त्याला तशी मान्यता मिळाली.

कर्करोगाचे हे औषध सिकलसेलकडे वळले ते डॉ. वॉटसन यांच्या जुन्या निरीक्षणामुळे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जर रक्षण करते, तर ते मोठेपणी पुन्हा जागे करता येईल काय? १९८४ साली डॉ. ओरा प्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीयुरियाने ते घडते असे दाखवले. पुढे अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. औषध घेणाऱ्यांना वर्षाकाठी येणारे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि १९९८ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी औषधाला मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत जन्मल्यानंतर १२९ वर्षांनी!

विदर्भात मात्र प्रश्न निराळा होता. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते, म्हणून येथला आजार सौम्य, असा एक समज रूढ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मुलांची निगराणी करून दाखवले की विदर्भातील पुष्कळ बालकांत हा आजार तीव्रच असतो. तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांवर त्यांनी अभ्यास केला. वजनाच्या दर किलोमागे दररोज केवळ १० मिलिग्रॅम एवढ्या ठरीव, कमी मात्रेनेही वेदनेचे झटके फार मोठ्या प्रमाणात घटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष गरिबांच्या दृष्टीने मोलाचा होता. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी, आणि वारंवार रक्त तपासण्याची निकडही कमी. २०१९ साली आफ्रिकेतील चार देशांच्या ६०६ मुलांवरील अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हे औषध घेणाऱ्या मुलांना हिवतापही कमी झाला. झाडीपट्टीसारख्या मुलखात ही बातमी केवढ्या दिलाशाची आहे, हे सांगावयास नको.

तिसरे दालन : प्रतिकारशक्तीची मशागत

हायड्रॉक्सीयुरिया पांढऱ्या पेशींची संख्या उतरवते. या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून दाह वाढवतात, आणि विळ्याच्या पेशींच्या वाटेत जणू धोंडे मांडतात. म्हणजे हे रसायन एका अर्थी प्रतिकारयंत्रणेलाही नरमावते. याच चिकटण्याला अडवणारे क्रिझॅनलिझुमॅब नावाचे प्रतिपिंड अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले. परंतु पुढील अभ्यासात त्याचा लाभ सिद्ध न झाल्याने युरोपने २०२३ साली त्याची मान्यता काढून घेतली. व्होक्सेलोटॉर हे दुसरे नवे औषध त्याच्या कंपनीने २०२४ साली जगभरातून मागे घेतले. १८६९ चे जुने रसायन मात्र जागेवर उभे आहे.

आजार मुळातून बरा करण्याचा पहिला मार्ग अनपेक्षितपणे सापडला. अमेरिकेतील मेंफिस येथे आठ वर्षांच्या एका मुलीला सिकलसेल होता आणि रक्ताचा कर्करोगही झाला. कर्करोगासाठी तिच्यावर अस्थिमज्जेचे रोपण करण्यात आले, आणि दोन्ही आजार गेले. १९८४ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले. या उपचारात आपली तिन्ही दालने ओळीने येतात. आधी कर्करोगावरील जहाल औषधांनी जुनी मज्जा नष्ट करावयाची. मग नवी मज्जा परकी ठरू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे द्यावयाची. आणि शेवटी, जुन्या लसींची स्मृती पुसली गेल्यामुळे, त्या मोठ्या रुग्णाला तान्ह्या बाळाप्रमाणे सर्व लसी पुन्हा टोचावयाच्या. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करणारा उपचारही मान्य केला. त्यातही आधी मज्जा रिकामी करणारे रसायन द्यावेच लागते. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठरली. झाडीपट्टीच्या दृष्टीने तूर्त हा दूरचा तारा आहे.

सिस्टरच्या हाती

आपल्याकडे परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. युरोपात शतकानुशतके रुग्णसेवा धर्मभगिनींनी केली, त्या परंपरेची खूण या शब्दात उरली आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती मुलींनी हा पेशा पत्करला आहे, हे वाचकांना सांगावयास नको. वर वर्णिलेला सारा इतिहास अखेर या सिस्टरच्या हाती येऊन थांबतो. तेथे काय काय सांभाळावे लागते, ते पाहण्यासारखे आहे.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. विदर्भाच्या मे महिन्यात ती उष्णतेपासून जपावी लागते हे कुणालाही समजते. पण न्यूमोकोकसची लस गोठली तरी निकामी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून शीतपेटीतील बर्फाच्या पिशव्या किंचित वितळू देऊन मगच लसीशेजारी ठेवावयाच्या. ज्या मुलाला नुकतेच रक्त चढवले आहे, त्याची गोवराची लस काही महिने पुढे ढकलावी लागते, कारण दात्याच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या जिवंत लसीला निष्प्रभ करतात. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या मुलाला जिवंत लस देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांना कावीळ-बची लस हवीच.

हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची मिळते, आणि पंधरा किलोच्या मुलाला दर किलोमागे १० प्रमाणे लागतात १५० मिलिग्रॅम. मात्रेचा मेळ घालणे हेच पहिले कौशल्य. कॅप्सूल घरी फोडू नये. भुकटीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. घरातील गर्भवती स्त्रीने तर तिच्यापासून दूरच राहावे. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी व पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करून पांढऱ्या पेशी व बिंबाणू फार उतरले नाहीत ना, हे पाहावे लागते. उतरले तर औषध थांबवावयाचे आणि भरून आले की पुन्हा सुरू करावयाचे. गुण दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही म्हणून पालक औषध सोडतात. कुणी शेजारी ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असे सांगतो आणि आई ती माळ्यावर ठेवून देते. अशा वेळी तिच्या ओसरीवर बसून, तीच गोळी कर्करोग नसलेल्या मुलाला का द्यावयाची, हे समजावून सांगणारी सिस्टर नसेल, तर १८६९ पासूनचा सारा प्रवास त्या माळ्यावर संपतो.

याबाबत गडचिरोलीतील एक धडा विसरण्याजोगा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे काम सुरू केल्यावर आदिवासींमधील सिकलसेलची पाहणी केली. निष्कर्ष महत्त्वाचे होते, शासनाने दखल घेतली, केंद्रही निघाले. पण लोक तिकडे फिरकले नाहीत. आपल्याला ज्याची निकड वाटली ती लोकांची निकड नव्हती, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. त्या काळी लोकांच्या हाती देण्याजोगे औषधही नव्हते. नुसते निदान म्हणजे लोकांच्या लेखी एक शिक्का होता.

पुढे चित्र पालटू लागले. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांना व पालकांना संघटित केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००८-०९ पासून महाराष्ट्र शासनाने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने हाती घेतला. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात झाला. आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य आहे.

निर्मूलन कशाचे?

‘निर्मूलन’ हा शब्द मात्र आपल्याला क्षणभर थांबवून विचार करावयास लावणारा आहे. देवीचे निर्मूलन झाले म्हणजे देवीचा विषाणू गेला. सिकलसेलला विषाणू नाही. तो माणसाच्या घडणीतच आहे. मग त्याचे निर्मूलन कसे करावयाचे? एक मार्ग असा की गर्भाची तपासणी करून आजारी गर्भ जन्मू द्यावयाचा नाही. ख्रिस्तसभा हा मार्ग मान्य करीत नाही, आणि ज्या बालकांना आज लस, पेनिसिलिन व हायड्रॉक्सीयुरिया यांच्या आधाराने शाळेत जाता येते, त्यांच्या डोळ्यांकडे पाहून तो सुचवणेही कठीण आहे. परंतु नुसता नकार देऊन आपले कर्तव्य संपत नाही. गर्भपाताला आपण विरोध करीत असू, तर त्याआधीच्या दोन गोष्टी आपण इतरांहून अधिक निष्ठेने केल्या पाहिजेत. जन्मलेल्या रुग्णाला औषध अखंड मिळेल हे पाहणे, ही पहिली. विवाह ठरण्यापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे यासाठी तरुणांना तयार करणे, ही दुसरी. सिकलसेल जेथे आढळतो त्या भागांतील आपल्या विवाहपूर्व शिबिरांत पती-पत्नींच्या संवादावर व्याख्याने होतात. त्यांत मेंडेल यांच्या गणितासाठी अर्धा तास ठेवण्यास काय हरकत आहे? हे गणित मांडणारा तर आपल्याच मठातला होता.

यात एक धोकाही आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. तपासणीचा कागद हा मुलगी नाकारण्याचा नवा दाखला ठरू शकतो. वाहक मुलाचा कागद घरच्या पेटीत राहतो आणि वाहक मुलीचा गावभर होतो. म्हणून तपासणी दोघांचीही, निष्कर्ष फक्त त्या दोघांच्या हाती, आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे ही समज गावाला आधी दिलेली, एवढे पथ्य पाळले तरच ही तपासणी न्यायाची होईल. तसे न केल्यास जुन्या जातीच्या शिक्क्यावर आपण रक्ताचा नवा शिक्का उमटवू.

योहानकृत शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू येशू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि लगेच कामाला लागतो. माती कालवतो, डोळ्यांना लावतो, तळ्यावर जाऊन धुवावयास सांगतो. आनुवंशिक आजाराच्या घरी आजही पहिला प्रश्न तोच विचारला जातो. मेंडेलपासून नागपूरच्या डॉक्टरांपर्यंत साऱ्यांनी मिळून त्याचे उत्तर दिले आहे की पाप कुणाचेच नाही. उरते ते काम. गाढवीचे पाणी धरणात साठले म्हणून शेत भिजत नाही. कालव्यातून ते बांधीपर्यंत न्यावे लागते आणि शेवटचा बांध हातानेच फोडून द्यावा लागतो. औषधाचेही तसेच आहे. इटियाडोहच्या कालव्याकाठी, शीतपेटी खांद्याला लावून धुऱ्यावरून चालत जाणारी सिस्टर हे काम आज करीत आहे. तिच्या मागे आपण कितपत उभे आहोत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.